हुर्यो कुणाची उडवायची?

शॉन दैवारी हा कुस्तीगीर अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरचा. घराणे मूळचे इराणी, पण जन्म मिनेसोटातला आणि वाढही तिथलीच. डिसेंबर २००४ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीचे कार्यक्रम करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या पडद्यावर आला तो मुहम्मद हसन नावाच्या एका ‘अरब-अमेरिकन’ मल्लाचा साथीदार म्हणून, आणि त्याच्या वतीने फारसीत तावातावाने बोलू लागला. फारसी ही अरबांची भाषा नाही, पण ती कानाला परकी लागली की कार्यक्रमाचे काम भागत होते. एप्रिल २००६ मध्ये तोच दैवारी एका अवाढव्य माणसाला घेऊन रिंगणाकडे आला आणि त्या माणसाने अंडरटेकर या तिथल्या बड्या मल्लाला लोळवले. तो होता हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातला दलिपसिंग राणा, म्हणजे आपला खली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरेबियात जेद्दा येथे मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा दैवारी पुन्हा अवतरला. या वेळी सोबत भाऊ होता, हाती इराणचा झेंडा होता, आणि तरुण सौदी मल्लांनी त्या दोघांना प्रेक्षकांच्या जल्लोषात चोप देऊन पिटाळून लावले.

चौदा वर्षांत एकाच माणसाने अरबाचा साथीदार, हिमाचली पैलवानाचा मॅनेजर आणि अरबांचा शत्रू अशी तीन सोंगे काढली. माणूस तोच होता, चेहरा तोच होता, भाषाही तीच होती. बदलला तो फक्त समोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक, आणि त्या प्रेक्षकाला त्या घडीला कुणाची भीती किंवा कुणाचा राग आहे याचा हिशोब.

व्यावसायिक कुस्तीतल्या वांशिक सोंगांविषयी बोलू लागले की पहिले उत्तर ठरलेले असते: हे सगळे नाटक आहे, निकाल आधीच ठरलेला असतो, मग एवढे मनाला का लावून घ्यायचे? ज्यांनी तांबड्या मातीतली कुस्ती पाहिली आहे, त्यांना नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली लढत, काय असते हे सांगावे लागत नाही. पण माझ्या मते हे उत्तर उलट बाजूने वाचायला हवे. खऱ्या कुस्तीत एखादा मल्ल हरला तर त्याला कारण त्याचा दम, त्याचा डाव, त्या दिवसाची प्रकृती. इथे मात्र कोण जिंकणार, कोणत्या पोशाखात येणार, ध्वनिक्षेपक हातात घेऊन काय बोलणार आणि ते ऐकून लोकांनी टाळ्या वाजवायच्या की हुर्यो उडवायची, हे सारे लेखकांच्या खोलीत बसून ठरवलेले असते. जे ठरवून केले जाते, त्याचाच जाब विचारता येतो.

या धंद्याच्या बोलीत खलनायकाला ‘हील’ म्हणतात, नायकाला ‘बेबीफेस’, आणि मल्लाला जे सोंग दिले जाते त्याला ‘गिमिक’. हील उभा करणे हे कष्टाचे काम आहे. त्याने दगा द्यावा, पंचांचा डोळा चुकवून खुर्ची मारावी, मित्राचा विश्वासघात करावा, तेव्हा कुठे लोक त्याच्यावर चिडतात. परदेशी हीलच्या बाबतीत हे कष्ट वाचतात. त्याने काही करण्याच्या आधीच, तो केवळ कुठून आला आहे एवढ्यावर, लोक चिडलेले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या रिंगणांत ‘जर्मन’ खलनायकांचे पीक आले. त्यांतला फ्रिट्झ फॉन एरिक टेक्ससचा होता, बॅरन फॉन राश्के नेब्रास्काचा आणि हान्स श्मिट कॅनडातल्या क्वेबेकचा. सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन प्रेक्षकांना डिवचणारा निकोलाय वोल्कॉफ जन्माने क्रोएशियन होता, ‘जपानी’ सुमो योकोझुना हा सामोअन घराण्यातला अमेरिकन होता, आणि अमेरिकेतल्या मूलनिवासींचा सरदार म्हणून पिसांचा टोप घालून नाचणारा चीफ जे स्ट्राँगबो इटालियन वंशाचा होता.

या सगळ्यांत मला आयर्न शेखची गोष्ट फार बोचते, कारण तो सोंगापेक्षा खूप मोठा मल्ल होता. होसेन खोसरो अली वझिरी हा इराणमधल्या दामघानचा. तो हौशी कुस्तीत नाव काढून अमेरिकेत आला आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकी संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता. ज्या देशाच्या मल्लांना त्याने कुस्ती शिकवली, त्याच देशाच्या रिंगणांत पुढे त्याचे काम ठरले ते तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरल्याचा राग अंगावर घेण्याचे. २६ डिसेंबर १९८३ रोजी त्याने बॉब बॅकलंडकडून अजिंक्यपद घेतले आणि २३ जानेवारी १९८४ रोजी ते हल्क होगनच्या स्वाधीन केले. चार आठवड्यांचे हे राज्य होगनला राष्ट्रपुरुष करण्यासाठी बांधलेला चौथरा होता. एवढ्यावर थांबते तरी समजून घेता आले असते. पण १९९१ मध्ये आखाती युद्ध आले, शत्रू बदलला, आणि त्याच वझिरीला लष्करी पोशाख चढवून ‘कर्नल मुस्तफा’ या नावाने सद्दाम हुसेनचा पाठीराखा म्हणून उभे करण्यात आले. इराण आणि इराक १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे एकमेकांशी लढले होते आणि त्यात लाखो माणसे मेली होती. स्वतःच्या देशावर चालून आलेल्या राजवटीचे सोंग एका इराणी माणसाला घ्यायला लावताना त्या खोलीतल्या कुणाला काही खटकले असेल, असे त्या कार्यक्रमात कुठेही दिसत नाही.

माझ्या पिढीने हे जग टीव्हीच्या आधी पत्त्यांवर पाहिले. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात, शाळेच्या मधल्या सुट्टीत, डब्ल्यूडब्ल्यूएफचे (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) ट्रम्प कार्ड खेळणारी पोरे दिसत. पत्त्यावर मल्लाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड असे आकडे. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता खायचा. आमच्या संचात कमालाचा पत्ता होता: उघडे पोट, त्यावर रंगाने काढलेल्या चांदण्या, तोंडावर पांढरे पट्टे. आम्ही त्याला ‘कमला’ म्हणत असू आणि एका पोराच्या आजीचे नाव तेच असल्यामुळे त्या बिचाऱ्याला छळत असू. युगांडाची माणसे अशीच असतात, हे त्या पत्त्यावरून आम्ही इतक्या सहज शिकलो, की आपण काही शिकत आहोत हे कळलेही नाही. त्या वयात युगांडाविषयी दुसरे काहीही आमच्या कानांवर आलेले नव्हते.

तो माणूस युगांडाचा नव्हताच. त्याचे नाव जेम्स हॅरिस, गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले. आधी काही वर्षे तो साध्या कुस्तीगिराच्या पोशाखात खेळला होता. १९८२ मध्ये मेम्फिस येथे जेरी लॉलरने त्याला हे सोंग दिले: कमरेला वस्त्र, हाती भाला आणि ढाल, अनवाणी पाय, आणि वर युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याचा माजी अंगरक्षक असल्याची कथा. सोबत ‘किम ची’ नावाचा राखणदार असे, शिकाऱ्यासारखी टोपी आणि तोंडावर मुखवटा घातलेला, जो त्याला इकडून तिकडे हाकत नेई. हॅरिसने बोलायचे नाही असा नियम होता. त्याच्या लढतींतला एक प्रसंग मी नंतर पुन्हा पाहिला आणि मला तो अगदी असह्य झाला. प्रतिस्पर्धी पालथा पडलेला आहे, कमाला त्याच्यावर ओणवा होऊन त्याला चीत केल्याच्या समजुतीने पंचाकडे पाहतो आहे, पंच मोजायला तयार नाही, आणि राखणदार बाहेरून खुणा करून सांगतो आहे की आधी त्याला उलटा कर. कुस्तीतली पहिली गोष्ट, पाठ जमिनीला लागली पाहिजे ही, एवढीही त्याला कळत नाही असे दाखवायचे होते. आपल्याकडे तालमीत आलेल्या आठ वर्षांच्या पोराला ती पहिल्या दिवशी कळते. अनेक वर्षे आखाड्यात घालवलेल्या एका मिसिसिपीच्या माणसाने आपल्याला कुस्ती कळत नाही असे सोंग आणले, आणि मी टाळ्या पिटल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. फेटा, भाला, उंट, मिठाची मूठ असे परकेपण दाखवणारे सोंगाचे सारे सामान वाईट आहेच, पण ते उघड दिसते आणि म्हणून एक दिवस जुनाटही वाटू लागते. त्याहून खोलवर इजा करणारी एक युक्ती आहे, आणि मुहम्मद हसनच्या प्रकरणात ती स्पष्ट दिसते.

हसनचे सोंग घेणारा मार्क कोपानी हा इटालियन-अमेरिकन तरुण होता. २००४ च्या अखेरीस त्याचे पात्र जाहीर झाले तेव्हा त्याच्या तोंडी घातलेले म्हणणे शब्दशः खरे होते. तो सांगत असे की मी याच देशात जन्मलो, मी अमेरिकन आहे, आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर माझ्याकडे माझेच शेजारी संशयाने पाहतात. त्या वर्षांत अमेरिकेत असे वागवले गेलेले लोक खरोखर होते, ज्यांना फक्त दाढी किंवा फेटा पाहून त्रास झाला असे शीखही त्यांत होते. म्हणजे लेखकांना ही व्यथा नीट ठाऊक होती, ती शब्दांत कशी मांडायची हेही ठाऊक होते. आणि ती मांडणारा माणूस त्यांनी हील केला. प्रेक्षकांना शिकवले गेले ते असे की ‘माझ्यावर अन्याय होतो’ असे म्हणणारा अरब दिसला की त्याची हुर्यो उडवायची. दहशतवादी म्हणून त्याची हुर्यो उडवायला सांगितले नव्हते, ते नंतर आले. आधी तक्रार हाच त्याचा गुन्हा होता.

नंतरचे अटळ होते. ४ जुलै २००५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो येथे एक भाग चित्रित झाला. अंडरटेकरने दैवारीला हरवल्यावर हसन रिंगणाकडे जाणाऱ्या उतारावर गुडघे टेकून प्रार्थना करू लागला, तोंडे झाकलेली पाच माणसे धावत आली, त्यांनी अंडरटेकरला झोडपले, तारेने त्याचा गळा आवळला, आणि जाताना दैवारीला हुतात्म्यासारखे डोक्यावर उचलून नेले. हा भाग ७ जुलैला प्रसारित होणार होता. त्याच दिवशी सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले. तरीही अमेरिकेत तो भाग पडद्यावर सूचना देऊन दाखवला गेला. गदारोळ उठला, यूपीएन वाहिनीने हे पात्र आपल्याकडे नको असे बजावले, आणि २४ जुलैला अंडरटेकरकडून हसनचा शेवट करवून घेऊन प्रकरण मिटवण्यात आले. कोपानीची कारकीर्दही तिथेच संपली आणि पुढे तो शिक्षकी पेशात गेला. या घटनेची चर्चा नेहमी त्या तारखेच्या दुर्दैवी योगायोगाभोवती होते. मला तो योगायोग मुळीच महत्त्वाचा वाटत नाही. लंडनमध्ये त्या दिवशी काही झाले नसते, तरी सात महिन्यांपूर्वी ज्याच्या तोंडून खरी व्यथा वदवली त्याला गळा आवळणाऱ्यांचा म्होरक्या केले हा प्रवास तसाच राहिला असता, आणि लहान मुलांनी त्यातून जे शिकायचे ते शिकलेच असते.

ही युक्ती त्याआधीची आहे आणि नंतरचीही. कृष्णवर्णीय मल्ल रॉन सिमन्सने २ ऑगस्ट १९९२ रोजी बाल्टिमोरमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा तो सोंगाशिवायचा, फुटबॉलमधून आलेला एक दणकट खेळाडू होता आणि प्रेक्षागृहात लोकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीत तोच सिमन्स ‘नेशन ऑफ डॉमिनेशन’ नावाच्या गटाचा पुढारी झाला, मूठ उंचावून कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाबद्दल बोलू लागला, आणि अर्थातच हील झाला. २००३ च्या रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक सोहळ्यात कृष्णवर्णीय मल्ल बुकर टीच्या बाबतीत उलट होते. तिथे खलनायक ट्रिपल एच त्याला सांगतो की तुझ्यासारखी माणसे अजिंक्य होत नसतात, आणि नायक बुकर टी आहे. एवढी रचना झाल्यावर शेवट एकच असू शकतो असे कुणालाही वाटेल. ट्रिपल एच जिंकला.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. गोरे मल्लही व्यंगचित्रेच असतात: कर वसूल करणारा अधिकारी, डुकरे पाळणारा शेतकरी, पैशाचा माज असलेला कोट्यधीश. खरे आहे. पण ते धंद्याचे आणि स्वभावाचे व्यंग आहे, आणि त्यांच्या शेजारी त्याच वंशाचे वीस नायक उभे असतात. डुक्करपाळ पाहून कुणी गोरे लोक असेच असतात असे म्हणत नाही. आमच्या पत्त्यांच्या संचात युगांडाचा मात्र एकच माणूस होता. आणि हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याच विनोदी नाटकांतला चिकट मारवाडी, ‘अय्यो’ म्हणणारा अण्णा आणि हिंदी चित्रपटांतला सदा झिंगलेला गोव्याचा ख्रिस्ती माणूस याच पद्धतीने घडलेला आहे. गोव्यातल्या माणसाला त्याचे काय वाटते हे आपण फारसे विचारलेले नाही.

जेव्हा सोंग आपल्याच माणसाचे निघाले, तेव्हा आपण काय केले? जुलै २००७ मध्ये खली जागतिक अजिंक्यवीर झाला त्याचा आनंद मला आजही आठवतो, आणि त्या आनंदाची मला लाज वाटत नाही. पंजाब पोलिसात नोकरी करणारा, रस्तेबांधणीच्या कामावर दगड वाहिलेला माणूस तिथवर पोहोचला होता. पण त्याच्या नावाने जे उभे केले गेले तेही पाहायला हवे. ‘पंजाबी प्रिझन’ नावाचा बांबूचा दुहेरी पिंजरा त्याच्यासाठी तयार झाला. पंजाबात असला तुरुंग कधी कुठे नव्हता, खली स्वतः हिमाचलचा, आणि जुलै २००६ मध्ये त्या पिंजऱ्यातली पहिली लढत झाली ती अंडरटेकर आणि बिग शो या दोन अमेरिकनांत, कारण खलीला ऐनवेळी वगळावे लागले होते. पुढे राक्षस म्हणून त्याची भीती ओसरल्यावर त्याला प्रेक्षकांतल्या बायकांची चुंबने घेणारा ‘पंजाबी प्लेबॉय’ करण्यात आले. आधी भीती वाटावी असा परका, मग हसू यावे असा परका.

दहा वर्षांनी जिंदर महाल आला. युवराजसिंग धेसी हा कॅनडातल्या कॅल्गरीत जन्मलेला आणि वाढलेला. त्याचा काका गामा सिंग त्याच शहरातल्या रिंगणांत खलनायक म्हणून गाजलेला. २१ मे २०१७ रोजी जिंदरने रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईचे अजिंक्यपद घेतले. फेटा बांधून, पंजाबीत बोलून तो प्रेक्षकांना सांगे की मी वेगळा दिसतो, वेगळी भाषा बोलतो, म्हणून तुम्ही माझा द्वेष करता. हसनचेच म्हणणे पुन्हा, आणि पुन्हा हीलच्या तोंडी. भारतातल्या बाजारपेठेसाठी हे अजिंक्यपद दिले गेले असे तेव्हा सर्रास बोलले जात होते. तसे असेल तर आपल्याला खूश करण्यासाठी आपल्याच व्यथेला हुर्यो मिळवून दिली गेली असे म्हणावे लागेल. त्याच सप्टेंबरमध्ये जिंदरला शिन्सुके नाकामुराच्या जपानी चेहरेपट्टीची टवाळी करायला लावले, तेव्हा समोरच्या अमेरिकी प्रेक्षकांनीच ‘हे फार झाले’ असा गजर केला. तो गजर मला महत्त्वाचा वाटतो. लोकांना हेच हवे असते, ही लेखकांची सबब त्या संध्याकाळी लोकांनीच खोडून काढली.

दुसरा पुरावा कोफी किंग्स्टनचा. घानामध्ये जन्मलेला हा मल्ल सुरुवातीला जमैकन म्हणून, खोट्या हेलात बोलत आला. ते सोंग २००९ मध्ये गळून पडले. एप्रिल २०१९ मध्ये, अकरा वर्षे डावलला गेल्याची त्याची तक्रार नायकाची तक्रार म्हणून मांडली गेली, तो जिंकला, आणि त्याची लहान मुले रिंगणात आली तेव्हा भरलेले मैदान उभे होते. ऑक्टोबरमध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला काही सेकंदांत हरवून ते पद काढून घेतले हेही खरे. तरी त्या सहा महिन्यांत एवढे सिद्ध झाले की अन्यायाची गोष्ट सांगणारा माणूस नायक असू शकतो आणि तिकिटेही खपतात.

म्हणूनच भारतीय प्रेक्षकांनी आता ‘आपला माणूस तिथे आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये असे मला मनापासून वाटते. सौदी पैसा आला तेव्हा जेद्दामधला अरब नायक झाला. तिथे सोंग सुटले असे नाही, ते इराण्याच्या गळ्यात पडले. आपणही आपल्या संख्येच्या जोरावर तेवढेच मागून घेऊ शकतो, की आम्हाला नायक करा आणि खलनायक शेजारच्या देशातला आणा. पाकिस्तानी हील उभा केला तर आपली प्रेक्षागृहे भरतील, हे त्या खोलीतल्या लेखकांना कळत नसेल असे समजण्याचे कारण नाही. ते मागायचे नाही, आणि न मागता मिळाले तर त्याला टाळी द्यायची नाही.

मागायचे काय, याचे उत्तर २०२२ मध्ये आपल्या डोळ्यांसमोरून गेले. कपाळावर त्रिपुंड्र, गळ्यात रुद्राक्ष, छातीवर ‘माँ’ असे गोंदलेले, असा ‘वीर महान’ रिंगणात गुरगुरत येई आणि समोर दिसेल त्याला चिरडी. त्याचे नाव रिंकू सिंग. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातून भालाफेक करत तो वर आला, २००८ मध्ये वेगवान चेंडू फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेत जिंकला, आयुष्यात कधी बेसबॉल न खेळता अमेरिकेत गेला आणि पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने त्याला करारबद्ध केले. तिथल्या दुय्यम साखळीत त्याने अनेक वर्षे चेंडू टाकले, आणि मग तिशीच्या उंबरठ्यावर नव्याने कुस्ती शिकला. हा माणूस त्यांच्याकडे होता, इंग्रजी बोलणारा, स्वतःची गोष्ट स्वतः सांगू शकणारा. त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देऊन ती गोष्ट त्याला सांगू द्यायची होती.